मागच्या चाकाचा पाईप

भिलाईच्या खुर्सीपारात त्या माणसाबद्दल वाईट बोलणारा एकही जण सापडत नाही. मी शोधून पाहिलं आहे. टायरवाले, स्प्रिंगपट्टीवाले, बॅटरीवाले, चौकातला चहावाला, सगळे त्याचं नाव निघालं की आधी कानाच्या पाळीला हात लावतात आणि मग बोलतात. त्यामुळे वाईट बोलायचं काम माझ्या एकट्याच्या अंगावर पडलं आहे, आणि मी ते मन लावून करतो.

त्याला सगळे ब्रेकवाले काका म्हणत. पोलादाच्या प्लांटच्या गाड्या दुरुस्त होतात त्या शॉपमधून तो रिटायर झाला होता. मूळ गाव तुमसरकडचं, घरी थोडी धानाची शेती, पण चाळीस वर्षं भिलाईत काढल्यावर माणूस गावाला परत जातो ते फक्त लग्नामौतीला. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा त्याने खुर्सीपारच्या कडेला एक जागा भाड्याने घेतली. ती जागा कुणी घेत नव्हतं, कारण ती उतारावर होती. तिथे उभ्या केलेल्या गाडीच्या चाकाखाली दगड लावल्याशिवाय ड्रायव्हर चहालाही जाऊ शकत नसे. त्याला मात्र नेमका तो उतारच पाहिजे होता. सपाट जागा तेवढ्याच भाड्यात मिळत असताना त्याने ती नाकारली, हे मला घरमालकाने स्वतः सांगितलं.

तो फक्त हवेचं काम करायचा. इंजिनाला हात लावायचा नाही, क्लचला नाही. ट्रकला ब्रेक हवेच्या दाबावर लागतात, ती हवा टाकीतून चाकांपर्यंत ज्या पाईपांतून जाते ते पाईप, त्यांचे जोड आणि व्हॉल्व्ह, एवढाच त्याचा संसार. उंच, वाळलेला माणूस. अंगात बंडी, खाली प्लांटची खाकी पँट, आणि कानावर दाढीचा ब्रश खोचलेला. स्टीलच्या वाटीत साबणाचा फेस करायचा आणि तो ब्रशने पाईपाच्या जोडांना लावत जायचा, एखाद्या नवरदेवाची दाढी करावी तसा, सावकाश, एकही जागा न सोडता. जिथून हवा निसटत असेल तिथे फेसाला फुगा येई. त्याला तो गळती म्हणत नसे. म्हणायचा, "बोलून राहिला." पाईप बोलून राहिला, जोड बोलून राहिला. आणि तो बोलत असताना दुसरं कुणी बोललेलं त्याला चालत नसे. रेडिओ बंद, वेल्डिंग बंद. आलेल्या गिऱ्हाइकाचा मोबाईल तो काढून घेई आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकून झाकण लावी. प्लांटचा एक मोठा साहेब एकदा आपल्या भावाच्या ट्रकसाठी आला होता. त्याचाही फोन डब्यात गेला आणि आत वाजत राहिला. साहेब डब्याकडे बघत अर्धा तास उभा. लोकांना यात मोठेपणा दिसतो. मला एवढंच दिसतं, की त्या अर्ध्या तासात साहेबाचं काय नुकसान झालं ते कुणी विचारलं नाही.

तो सगळ्यांना अरेतुरे करी. साठ गाड्यांचा मालक असो की क्लीनर, "का रे बाबू" म्हणूनच बोलणं सुरू. 'शेठ' तो फक्त रागावला की म्हणायचा. गिऱ्हाइकाने खुर्ची दिली तर बसायचा नाही. जुना ब्रेकड्रम उपडा करून त्यावर बसायचा. बारा वाजले की पाना खाली ठेवून भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण खायचा. मग हायवेवर तुमची गाडी आडवी पडलेली असो, त्याला पर्वा नाही.

आता त्याच्या त्या प्रसिद्ध रीतीबद्दल. काम झालं की तो गाडी उतारावर लावायला सांगे, तोंड वरच्या बाजूला, शेपूट खाली. इंजिन चालवून टाकीत हवा भरायची. मग त्याचा इशारा झाला की ड्रायव्हरने घोडा आणि ट्रेलर यांच्यामधला लाल पाईप उपटायचा. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला आम्ही घोडा म्हणतो.) तो पाईप सुटला की ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागले पाहिजेत. रस्त्यात ट्रेलर घोड्यापासून तुटला तर तो कुणाच्या अंगावर जाऊ नये म्हणून ही सोय असते. त्यानंतर ड्रायव्हरने घोड्याचा हँडब्रेक सोडायचा. म्हणजे सगळं वजन त्या उतारावर फक्त ट्रेलरच्या ब्रेकवर उभं. आणि या सगळ्या वेळात काका आपला ब्रेकड्रम घेऊन मागच्या चाकाच्या मागे बसलेला असे, चाकापासून दोन हातांवर, पाठ चाकाकडे करून. चहा पीत. चहा संपला की उठायचा आणि म्हणायचा, "जाय घेऊन."

यावर लोकांनी कथा रचल्या होत्या. प्लांटमध्ये त्याच्या हातून ब्रेक राहिला आणि कुणीतरी गेलं, म्हणून तो असं करतो, अशी एक कथा. त्याचा भाऊ गेला, अशी दुसरी. मी त्याच्या शॉपमधले तीन जुने लोक गाठून विचारलं. काही झालेलं नव्हतं. कुणी गेलं नव्हतं, भाऊ तर तुमसरला जिवंत आहे आणि पान खातो. तो आधीपासूनच असा होता. मी एकदा त्यालाच विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "सैपाक करनारी बाई चाखून पाह्यते का नाही? तसंच." बस, एवढंच. आणि यासाठी लोक कानाला हात लावतात.

एकदा लग्नाच्या वरातीची बस त्याच्या दारात थांबली. ब्रेक जरा कमी लागतो म्हणून दहा मिनिटांत बघा, एवढंच ड्रायव्हरचं म्हणणं होतं. काकाने खाली बघितलं, एक पाईप काढून हातात घेतला आणि नवरदेवाला म्हणाला, "उतर बाबू." दोन तास नवरदेव बाशिंग बांधून ब्रेकड्रमवर बसला होता. मुहूर्त टळला. दुर्गला मुलीकडचे चिडले, म्हाताऱ्या रडल्या. आता त्या नवरदेवाला दोन मुलं आहेत आणि तो दर दिवाळीला काकाच्या पायाला हात लावून जातो. ठीक आहे. मुहूर्त दुसरा काढता येतो. काही गोष्टींना दुसरा मुहूर्त नसतो, हे नवरदेवाला कळण्याचं कारण नाही.

भाव सांगायची त्याची एक तऱ्हा होती आणि माझं सगळं प्रकरण तिथूनच सुरू होतं. काम बघून तो एकदाच आकडा सांगायचा. गिऱ्हाइकाने कमी करा म्हटलं तर नाही म्हणायचा नाही. उलट लगेच तयार व्हायचा. "करतो ना कमी. काम बी तेवढंच कमी करतो. कोनतं चाक सोडू, सांग." यावर गिऱ्हाईक हसायचं, यार्डातले सगळे हसायचे आणि सांगितलेला आकडा दिला जायचा. दहा वर्षं हा त्याचा डाव चालला. कारण दहा वर्षांत कुणी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

मी दुर्गजवळच्या उतईचा. माझे वडील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे लेबर होते. मी आठवीनंतर रिकामे ड्रम विकत घ्यायला आणि विकायला लागलो, मग लोखंडी पट्ट्या, मग एक जुना टेम्पो, मग ट्रक. मला कुणी काही दिलं नाही, बापाने नाही, बँकेने नाही. भाव करणं हा माझा स्वभाव आहे असं लोक म्हणतात. स्वभाव नाही, तेच माझं भांडवल होतं. समोरच्याने शंभर म्हटलं आणि मी शंभर दिले असते तर आज मी उतईत सायकलवर भाजी विकत असतो.

त्या वर्षी मी सैन्याच्या लिलावात एक ट्रेलर घेतला. खाली बसका, लांब, बुलडोझर आणि तसली अवजड यंत्रं वाहण्यासाठी बनवलेला. लोखंड असं, की आजकाल कुणी तसं घालत नाही. त्याचे कागद करताना माझे चार महिने आणि दोन चपला झिजल्या. कुम्हारीच्या एका कारखान्यात मोठे ट्रान्सफॉर्मर बनत, आणि ते नेण्यासाठी त्यांना असाच बसका ट्रेलर लागत होता. तिथल्या मॅनेजरने मला सांगितलं, सोमवारी सकाळी आठ वाजता ट्रेलर गेटवर उभा पाहिजे. पहिली खेप नीट गेली तर वर्षभराचं काम तुमचं. आठ म्हणजे आठ, रायपूरची एक पार्टीही मागे लागली आहे. मी म्हटलं, साडेसातला या आणि माझ्या ट्रेलरवर बसून चहा घ्या. वर्षभराचं काम म्हणजे काय हे ज्याने एकेका खेपेसाठी गेटवर उन्हात उभं राहून काढलं आहे त्यालाच कळेल. मुलीची इंजिनीअरिंगची फी, घरावरचा पत्रा काढून स्लॅब, सगळं मी त्या सोमवारवर टाकलं होतं.

अडचण एवढीच, की ट्रेलरचे हवेचे पाईप म्हातारे झाले होते. सैन्यवाले सगळ्यालाच हिरवा रंग मारतात. चाकं हिरवी, दिवे हिरवे, रबरी पाईपसुद्धा हिरवे, आणि तेही एकावर एक किती हात मारलेले कुणास ठाऊक. रबर वाकवलं की रंगाचे पापड खाली पडायचे आणि आत भेगा दिसायच्या. लाल पाईप कोणता, दुसरा कोणता हे रंगावरून कळायची सोय नाही. जोडही आपल्याकडच्या घोड्याला बसतील असे नव्हते. दोन फिटर बघून गेले आणि हात झटकून मोकळे झाले. राहिला तो एकच.

गुरुवारी मी ट्रेलर त्याच्या उतारावर नेला. तो बल्ब घेऊन खाली शिरला आणि बारा वाजेपर्यंत बाहेर आला नाही. बोटांनी चाचपत एकेक पाईप शेवटपर्यंत जाऊन बघत होता. बाहेर येऊन त्याने भात खाल्ला, हात धुतले आणि म्हणाला, "सगळे बदलाले लागतीन. रबर बी, लोखंड बी." आणि आकडा सांगितला.

मी कमी करा म्हटलं. तो हसला. यार्डात आणखी चार-पाच जण होते, तेही हसायला तयार झाले. "करतो ना," तो म्हणाला. "कोनतं चाक सोडू, सांग."

मी शर्ट काढून ठेवला आणि ट्रेलरखाली शिरलो.

ही गोष्ट खुर्सीपारात वेगळ्या पद्धतीने सांगितली जाते, म्हणून स्पष्ट लिहितो. मी डोळे झाकून बोट दाखवलं नाही. वीस वर्षं मी लोखंड विकलं आहे. मी पाना घेऊन प्रत्येक पाईप वाजवून बघितला. रबरी सगळे गेलेले होते, ते मी मान्य केलं. पुढच्या लोखंडी पाईपाला गंज फुटला होता, तेही मान्य. पण टाकीपासून मागच्या चाकांकडे जाणारा एक लोखंडी पाईप होता, वर हिरव्या रंगाचा जाड थर, कुठे ठिपका नाही, कुठे चपट नाही. वाजवला तर खणखणीत. मी खालूनच ओरडून सांगितलं, "काका, हा सोडा."

वर कुणी हसलं नाही. तो वाकून खाली आला, मी बोट ठेवलं होतं तिथे त्याने बघितलं. "रंगाच्या आतलं तुले दिसते काय?"

"वाजून राहिला ना नीट."

"पक्कं?"

"पक्कं."

"बरं," तो म्हणाला, आणि खिशातून खडू काढून त्या पाईपावर एक गोल काढला. भावातून त्या पाईपाचे आणि मजुरीचे पैसे तिथेच वजा केले, न कुरकुरता. दहा वर्षांत पहिल्यांदा त्या यार्डात भाव उतरला होता. मी सगळ्यांना समोसे खाऊ घातले. त्यानेही एक खाल्ला. घरी जाऊन मी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, म्हातारा कसा काय मानला? मी म्हटलं, त्याला आजवर कुणी उत्तर दिलं नव्हतं.

शुक्रवार, शनिवार त्याने काम केलं. काम करणारा म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. नवीन पाईप त्याने असे बसवले, की कुठे घासणार नाहीत, कुठे लोंबणार नाहीत, आणि लाल त्याने लाल रंगवला. रविवारी दुपारी माझा ड्रायव्हर बिसाहू घोडा घेऊन आला. बिसाहू दुर्गकडच्या पाटणचा, सात वर्षं माझ्याकडे. कमी बोलणारा, गाडी अशी चालवणारा, की मागे ठेवलेला पाण्याचा पेला सांडू नये. माझ्या मुलीच्या हायस्कूलच्या पहिल्या दिवशी तिला सोडायला तोच गेला होता.

घोडा जोडला, हवा भरली. काकाने फोन डब्यात टाकले आणि वाटी घेऊन एकेक जोडाला फेस लावत गेला. माझ्या पाईपालाही लावला, पुढून मागेपर्यंत. कुठेच फुगा आला नाही. मी म्हटलं, बोलतो का काही? तो म्हणाला, "अजून नाही."

मग त्याने आपला ब्रेकड्रम उचलून मागच्या चाकाच्या मागे नेऊन ठेवला. खांद्यावरच्या फडक्याने तो पुसला. आणि मला म्हणाला, "बस, शेठ."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, मी कशाला बसू, ती तर तुमची जागा.

"माह्या कामामागे मी बसतो," तो म्हणाला. "हे चाक तुह्या पाईपावर हाये. काम तू केलं. भाव बी तूच केला. आता बस."

मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. मग समजावलं. फेस लावून झाला, फुगा आला नाही, आता आणखी काय पाहिजे? तो म्हणाला फेस जोड दाखवतो, दणका बसल्यावर पाईप काय करेल ते दाखवत नाही. लाल पाईप उपटला की टाकीतली सगळी हवा एकदम त्या पाईपात शिरणार, ते खरं बघणं. मी म्हटलं तर मग बघा, दगड लावून बघा, माणूस कशाला पाहिजे मागे? त्याने ब्रेकड्रमकडे फक्त हात केला.

मग माझं डोकं फिरलं. मी काय काय बोललो ते सगळं मला आठवत नाही, पण यार्डातल्या लोकांना आठवतं आणि ते अजून सांगतात. पैसे मी देणार, ट्रेलर माझा, ही सर्कस आहे का, प्लांटने तुम्हाला चाळीस वर्षं फुकट पोसलं, असं बरंच. तो मान एका बाजूला कलवून ऐकत होता, जोडाला कान लावतो तसा. माझा दम संपला तेव्हा सगळ्यांकडे वळून शांतपणे म्हणाला, "बोलून राहिला."

यार्ड हसलं. मी ते हसू विसरलेलो नाही.

पण खरी गोष्ट त्यानंतरची. बिसाहू घोड्यातून खाली उतरला. त्याने चावी आणून माझ्या हातात दिली, अदबीने, दोन्ही हातांनी. म्हणाला, "सेठ, तुमन नइ बइठेव, त मैं कइसे चलाहूँ?" तुम्ही बसला नाहीत तर मी कसा चालवू. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी त्याला दोन शिव्या दिल्या असत्या आणि तो परत चढला असता, असं सात वर्षांत चार वेळा झालं होतं. त्याने मला एका साध्या गोष्टीचं कारण विचारलं होतं.

मी स्वतः घोड्यात चढलो. एकोणिसाव्या वर्षापासून मी अवजड गाडी चालवतो आहे. चावी लावून इंजिन चालू केलं. मी क्लच दाबला, गिअर टाकला. बाजूच्या आरशात मागचं चाक दिसत होतं आणि त्याच्या मागे तो रिकामा ब्रेकड्रम. कुम्हारीपर्यंत हायवे, मधे ओव्हरब्रिजचा चढ आणि पलीकडचा उतार, बाजूने मोटरसायकलवर शिफ्टला जाणारी पोरं. मग मला आठवलं, की माझ्या लायसनची मुदत मागच्या महिन्यात संपली आहे. मी इंजिन बंद करून खाली उतरलो. कारण एवढंच होतं. लोक दुसरं काही सांगतात.

काका म्हणाला, उद्या दुकान उघडलं की पाईप आणतो, दोन वाजता गाडी घेऊन जाय. वर म्हणाला, "त्याचे पैसे नोको देऊ." मी आयुष्यात कुणाकडे फुकट काही मागितलेलं नाही. त्या दिवशीही मागितलं नव्हतं. चार लोकांसमोर त्याने ते माझ्या अंगावर फेकलं आणि लोकांना ती दानत वाटली.

मी मॅनेजरला फोन लावला. सहा तास द्या म्हटलं. तो फार गोड बोलला, ठीक है, देखते हैं. माझ्यासारख्या माणसाला या चार शब्दांचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. तरी सोमवारी सकाळी आठला मी मोटरसायकलवर कुम्हारीला गेलो. रायपूरवाल्याचा ट्रेलर गेटच्या आत उभा होता. माझ्या ट्रेलरपेक्षा दोन फूट उंच, आणि लोखंड पत्र्यासारखं. ट्रान्सफॉर्मर चढवायला त्यांना तीन तास लागले. माझ्या ट्रेलरवर एका तासात चढला असता.

वर्षभराचं काम गेलं, मग तो पाईपही मी बदलून घेतला नाही. मुलगी इंजिनीअरिंग सोडून दुर्गच्या कॉलेजात बीएस्सीला गेली. ती म्हणते मला तेच आवडतं. पत्रा अजून पत्राच आहे. महिन्याभरात बिसाहूही गेला, भांडून नाही, सांगून, पाया पडून. मी विचारलं, पगार कमी पडतो का? नाही म्हणाला. कुणी जास्त देतंय का? नाही. मग काय? त्याने गमछ्याची गाठ सोडली, परत बांधली आणि घरात जाऊन माझ्या बायकोला रामराम करून निघून गेला.

काका या गोष्टीबद्दल कुणाशी एक शब्द बोलला नाही, असं सगळे सांगतात. नसेल बोलला. त्याला गरज काय? बाकीचे होतेच. चौकात पाना मागायला गेलो तरी टायरवाल्याचा पोऱ्या म्हणे, बसता का शेठ. खुर्ची देताना म्हणे, पण त्याचं तोंड बघून कळत होतं.

शेवटी मी दुसऱ्या गावच्या फिटरकडून तो पाईप ट्रेलरवरून काढून घेतला. घरी अंगणात ठेवला आणि कटरने उभा चिरला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला बघायचं होतं. बायको दारात उभी होती. दोन्ही फाका उघडल्या. आत गंजाचा एक कण नव्हता. नवीन नाण्यासारखा चकचकीत, शेवटपर्यंत. मी अंगणात एकटा मोठ्याने हसलो. बायको हसली नाही, पण ती एकूणच कमी हसते.

दुसऱ्या दिवशी दोन्ही फाका पोत्यात बांधून मी खुर्सीपारला नेल्या. मुद्दाम चार लोक असतील अशी वेळ बघून गेलो. त्याच्यासमोर पोतं उघडलं. म्हटलं, बघा काका. बघा माझा पाईप.

त्याने चष्मा घातला. एक फाक उचलून उजेडात धरली, आतून अंगठा फिरवत शेवटपर्यंत गेला. मग दुसरी. घाई केली नाही. मी लोकांकडे बघत होतो.

"चांगला हाये," तो म्हणाला. "अजून वीस वर्षं गेला असता."

मी म्हटलं, मग? आता बोला.

"तू चिरून पाह्यला म्हून समजलं," तो म्हणाला. "त्या दिवशी तुले माहीत होतं काय?"

"होतं," मी म्हटलं. "मी तवाच सांगितलं होतं, पक्कं म्हणून."

त्याने फाका एकमेकींवर नीट जुळवल्या, पोत्यात ठेवल्या, पोत्याचं तोंड बांधलं आणि माझ्या हातात दिलं. "मले नोको सांगू," तो म्हणाला. "बिसाहूले सांग."

आणि वाटी घेऊन दुसऱ्या ट्रकखाली गेला.

त्याने सांगितलं म्हणून मी गेलो नाही. मला कुम्हारीला तसंही काम होतं. कारखान्याच्या गेटसमोर रायपूरवाल्याचा ट्रेलर पाळीला उभा होता आणि घोड्यात बिसाहू बसला होता. तो तिथे लागला आहे हे मी ऐकलं होतं. मला बघून तो खाली उतरला, पाया पडला, मुलीचं विचारलं. मी मोटरसायकलवरून पोतं काढलं आणि रस्त्यावरच उघडून दोन्ही फाका त्याच्यापुढे धरल्या. सगळं सांगितलं. आतून कसा आहे ते बघ, काका स्वतः म्हणाला वीस वर्षं गेला असता.

बिसाहूने हात पुसले आणि फाक हातात घेतली. कुणाच्या घरचे लग्नाचे फोटो बघावेत तशी आदराने बघितली, उलटून बघितली, परत दिली.

"बने हे, सेठ," तो म्हणाला. चांगला आहे.

मी थांबलो, आणखी काही म्हणेल म्हणून. तेवढ्यात चौकीदाराने गेट उघडून त्याला हात केला. तो घोड्यात चढला. मी रस्त्याच्या मधोमध पोतं पसरून बसलो होतो, तरी त्याने हॉर्न दिला नाही. मी फाका गोळा करून बाजूला होईपर्यंत वाट बघत राहिला.